तुझा आवाज, दुसऱ्याचं नाव

प्रिय टिल्लू,

दारातून आत येताना तुझं डोकं चौकटीला लागतं, तरी मी तुला टिल्लूच म्हणणार. पत्र बघून तू आधी हसशील, ताईला फोन करायला काय झालं म्हणशील. हसून घे, पुढे हसण्यासारखं फारसं नाही. मला तुझ्याविषयी एक गोष्ट कळली आहे. तू ती घरात कोणाला सांगितलेली नाहीस, आणि मला कळली आहे हे तुला माहीत नाही. त्यावर मी जे केलं ते वाचून तू माझ्याशी पुन्हा बोलशील की नाही, याची मला खात्री वाटत नाही. तरी सांगते. मधेच चुरगाळून फेकू नकोस, आणि आईच्या हाती लागू देऊ नकोस. तिला जे सांगायचं ते तूच सांगायचं आहेस.

आधी माझ्याकडची हालहवाल. तू आला होतास ते ऑफिस आता ओळखणार नाहीस. तेव्हा आमच्या मजल्यावर बसायला जागा नसायची, नवी मुलं लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसायची आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. आता अर्ध्या मजल्याचे दिवेच लावत नाहीत. रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावून ठेवल्या आहेत. चहाचं मशीन उचलून नेलं. कुंड्यांना पाणी घालणारी बाई येईनाशी झाली, तेव्हा उरलेली झाडं मी जगवते आहे, म्हणजे हळूहळू मारते आहे. नोकरभरतीच्या खात्यात आम्ही बरेच जण होतो, आता मी एकटी. ज्यांनी माणसं घ्यायची त्यांनाच आधी कात्री लागली, यावर आम्ही पहिल्यांदा हसलोही होतो. मग कॉलेजांतून निवडलेल्या मुलामुलींना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. रुजू व्हायची तारीख पुढे गेली आहे, एवढंच सांगायचं. किती पुढे ते विचारलं तर लवकरच कळवू म्हणायचं. एका मुलाच्या आईने फोन घेतला आणि ती मला म्हणाली, तुम्ही निदान कळवलंत तरी, तुमचं भलं होवो.

तुलाही असाच फोन आला होता. मी तेव्हा सुट्टीवर घरी आले होते, आपण चौघं जेवायला बसलो होतो. तू उठून खिडकीपाशी गेलास आणि हो, हो, समजू शकतो, असं म्हणत राहिलास. फोनवरच्या बाईची बाजूही तूच सांभाळत होतास. परत येऊन म्हणालास, थोडं पुढे गेलंय एवढंच. बाबांचं तोवर शाळेतल्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगून झालं होतं. आईने तुझ्यासाठी नवे शर्ट आणून कपाटात लावले होते. नंतर तारीख अजून पुढे गेली, आणि मग एका ओळीच्या मेलवर सगळा कारभार आटोपला. बाबा महिनाभर फिरायला जायचा रस्ता बदलून जात होते, कारण नेहमीच्या रस्त्यावर कोणीतरी भेटून विचारायचं, मुलगा लागला ना कामाला?

त्या सुमारास तू एकदा, फक्त एकदा, मला विचारलंस, ताई तुमच्याकडे काही होईल का रे. तू मला मुलासारखं ‘रे’ करतोस तेव्हा तू घाबरलेला असतोस, हे मला तू बोबडं बोलायचास तेव्हापासून माहीत आहे. मी तुला खरं काय ते सांगितलं. आमच्याकडे याच वर्षी पास झालेल्यांचे अर्ज घेतात, आदल्या वर्षीचे कॉम्प्युटरच बाजूला काढतो. तुझ्या वर्षाची सगळीच्या सगळी मुलं त्या चाळणीतून खाली पडतात, हुशार असोत नाहीतर ठोंबी. त्यांनी काही गुन्हा केलेला नाही, ती नको त्या वर्षी पास झाली एवढंच. तू बरं म्हणालास आणि माझ्या झाडांची चौकशी केलीस. मला वाटलं, पोरगं समजूतदार आहे. आता वाटतं, तू थोडा आरडाओरडा केला असतास तर बरं झालं असतं.

मग आईचे फोन बदलले. टिल्लू क्लास घेतो हल्ली, घरूनच, कॉम्प्युटरवर. कोणाचे क्लास ते तिला नीट सांगता यायचं नाही, पण आवाजात जीव आला होता. तू तिला नवा चष्मा केलास, बाबांच्या दाढेचं काम करून घेतलंस. क्लासच्या वेळी तो इस्त्रीचा शर्ट घालतो, दार लावून घेतो आणि मला कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही अशी ताकीद देतो, असं ती कौतुकाने सांगायची. माझाही जीव भांड्यात पडला. मी तुला शिकवणारा म्हणून चिडवलं, घराण्याची गादी चालवतोस म्हटलं. तू नुसता हसलास.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात, किती तरी दिवसांनी, आमच्याकडे एक जागा भरायची ठरली. एक. अर्जांचा नुसता ढीग. त्यातून निवडलेल्यांच्या मुलाखती स्क्रीनवरच होतात हल्ली. आमचे मोठे साहेब प्रश्न विचारतात, मी ओळख करून देते आणि टिपणं काढते. त्या दिवशी साहेब घाईत होते, त्यामुळे ओळखीचं त्यांनीच उरकलं आणि मी कॅमेरा आणि माईक बंद ठेवून लिहीत बसले. समोर एक गोरटेला, भेदरलेला मुलगा होता. त्याचे ओठ आवाजाच्या जरा मागे पडत होते. साहेब म्हणाले, नेट खराब दिसतंय, आणि पुढे गेले. त्यांनी विचारलं, गोदामातून निघालेला माल दोनदा नोंदला गेला आणि कुठेच मेळ बसेना, तर चूक कशी शोधशील? उत्तर सुरू झालं. शांत, मुद्द्याचं. मग मधेच आवाज थांबला आणि म्हणाला, नाही, इथे मी चुकलो, ही पायरी खोडतो, पुसत नाही, आणि हिच्याच शेजारी दुसरी मांडतो.

माझा पेन हातातच राहिला. टिल्लू, असं जगात कोण बोलतं? आपल्या घरात खोडरबर नव्हता. गणिताच्या मास्तरांच्या घरात खोडरबर नाही, याचं शेजारच्या मुलांना केवढं नवल वाटायचं! चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी परत सुरुवात करायची. आपल्या वह्या शाळेत सर्वांत घाण असायच्या. तू तर तोंडी हिशेब करतानाही खोडतो, पुसत नाही असं म्हणून मग पुढे जायचास, आणि आई हसायची, अरे हवेत काय पुसणार आहेस! म्हणजे तुझे क्लास ते हेच, इतके दिवस तू पैसे घेऊन दुसऱ्यांच्या मुलाखतींत त्यांच्या नावाने बोललास आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. पण हे ओळखणारी माणसं जगात चारच, त्यातलं एक तू आणि एक त्या खोलीत बसलेलं. त्यानंतरचं प्रत्येक वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकलं. त्या मुलाचे ओठ हलत होते आणि मला तू दिसत होतास, दार लावून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. जिथे तुला कोणीच बघत नव्हतं तिथे तू शर्ट घालून बसत होतास, या विचाराने मला रडू आलं, आणि सर्दी झाली आहे असं दाखवून मी नाक पुसलं.

मुलाखत माझ्याच ऑफिसची आहे हे तुला माहीत होतं का, हे मी पुष्कळदा मनाशी विचारलं. अशी गिऱ्हाइकं आणून देणारा मधला माणूस तुला फक्त विषय आणि वेळ सांगत असेल, असं मी धरून चालले आहे. नाव तुझ्या कानावर पडूनही तू बसलास, असा विचार आला की मी उठून कुंड्यांना पाणी घालते.

मुलाखत संपल्यावर साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, असा मुलगा मी कित्येक दिवसांत पाहिला नाही, चूक करतो आणि ती लपवत नाही. अगदी याच शब्दांत. मला इतका अभिमान वाटला की तोंडाशी आलं होतं, आमच्याकडचाच आहे तो. ते मी गिळलं. निवडीच्या कागदावर सही केली, आणि त्यानंतर आठवडाभर तोंड शिवल्यासारखी वावरले.

त्या आठवड्यात मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते, आणि खरं सांगू, तूच जिंकत होतास. तू म्हणायचास, ताई, तुमची कंपनी जागा नसताना जाहिराती देते, कंपनी वाढते आहे असं लोकांना वाटावं म्हणून. त्या जाहिराती कोण लिहितं? मी लिहिते. तू म्हणायचास, दिलेला शब्द एका ओळीत मागे घेणारे लोक सभ्य, आणि मी लबाड? तू म्हणायचास, मी कोणाचं घर फोडलं नाही, माझं डोकं कोणी विकत घेत नाही म्हणून भाड्याने दिलं. आजूबाजूला सगळेच काहीतरी वाकडं करून दिवस काढताहेत. कोणी काकाच्या दुकानातला अनुभव मोठ्या कंपनीतला म्हणून दाखवतं, कोणी मित्राला आधीच्या नोकरीतला साहेब बनवून माझ्याशी फोनवर बोलायला लावतं. मी ते ओळखते आणि कधीकधी सोडूनही देते. चांगल्या दिवसांत सरळ वागायला काही लागत नाही, हे मला आत्ता कळतंय. आपण सगळे सरळ आहोत असं आपल्याला वाटत होतं, कारण वाकायची वेळच आली नव्हती.

मग मला एका मुलीला फोन करावा लागला. तुझ्या त्या मुलाच्या खालोखाल तिचा नंबर होता. ती सध्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहते, मुलाखतही तिने तिथल्या आतल्या खोलीतून दिली, मागे मशीनचा आवाज येत होता. ती अडखळली, एका प्रश्नाला तर सरळ म्हणाली, हे मला येत नाही, पण असं असं करून बघेन. निवड झाली नाही असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, माझं कुठे कमी पडलं ते सांगाल का? पुढच्या वेळी सुधारेन मी. मी तिला काय सांगू? बाई गं, तू एकटी होतीस आणि तो दोघं होता? तिचं काहीच कमी पडलं नव्हतं. ती फोन धरून थांबली होती, बहुतेक लिहून घ्यायला पेन घेऊन. मी नेहमीचं ठरलेलं वाक्य म्हटलं आणि फोन ठेवला. तुझ्याशी चाललेलं माझं भांडण तिथे संपलं. तुझे सगळे मुद्दे खरे होते, आणि त्यातला एकही मी तिला सांगू शकले नसते. कंपनीचं काय व्हायचं ते होईल, तुझी झळ तिला लागली. तुझ्यासारख्याच, वाईट दिवसांत पास झालेल्या पोरीला.

परवा मी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, त्या मुलाच्या तोंडून बोलणारा दुसराच होता. त्यांनी मुलाला ऑफिसात बोलावून समोर बसवलं आणि तेच प्रश्न परत विचारले. दुसऱ्या प्रश्नाला त्याने टेबलावर डोकं टेकलं. मला त्याचा राग येईना, रे. त्याच्या बहिणीने का कोणी घेऊन दिलेले बूट त्याने घातले होते, नवे कोरे, चावणारे, तो सारखी टाच वर करत होता. तो गेल्यावर साहेबांनी मला विचारलं, आवाजावरून तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, तो माझा धाकटा भाऊ आहे. ते म्हणाले, इतका तयार मुलगा, मग स्वतःच्या नावाने का नाही आला? मी सांगितलं, आपण त्याच्या वर्षाचे अर्ज घेत नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मला क्षणभर वाटलं, आता काहीतरी चांगलं होणार. पण तसं काही झालं नाही. संध्याकाळी वरून निरोप आला, ती जागा तूर्त कोणालाच द्यायची नाही. त्या मुलीलाही नाही. माझ्या खरं बोलण्याने तिचं भलं होईल असं मी समजत होते, तेही झालं नाही.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. कंपनीला वाटतंय की हा सगळा डाव माझाच होता. भाऊ बोलणारा, बहीण निवडणारी, वर आठवडाभर गप्प. प्रश्न मीच तुला पुरवले असणार. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. सोमवारी सकाळी साहेब तुला फोन करणार आहेत, माझ्यासमोर, स्पीकर लावून. तुझं नाव आणि नंबर मी दिला. तुला विचारून दिला नाही, कारण तू नको म्हणाला असतास तर मी ऐकलं असतं. आवाज तुझा होता आणि बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं, असं तू सांगितलंस तर मी कदाचित सुटेन, पण तुझं नाव इतर कंपन्यांकडे जाईल आणि पुढची काही वर्षं कोणी तुला दारात उभं करणार नाही. तो मी नव्हेच, असं म्हणालास तर तुझ्यावर कोणाला काही सिद्ध करता येणार नाही, आणि मी माझं टेबल आवरून घरी येईन. तेही चालेल, टिल्लू. खरंच चालेल. मला वाचव असं मी तुला म्हणत नाही, आणि काय बोलायचं ते सांगतही नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच मोठेपणा घेऊन काहीतरी कबूल करून बसला असतास, म्हणून लिहिलं, म्हणजे तुला विचार करायला वेळ मिळेल. बाबांना सांगायचं की नाही तेही तूच ठरव. पण दोन्हीपैकी काहीही म्हणालास तरी सुरुवातीला ते विचारतील, कोण बोलतंय? तेव्हा तुझं नाव सांग. पूर्ण, आणि मोठ्याने. इतके महिने ते कुठल्याच मुलाखतीत घेतलं गेलेलं नाही. ते ऐकायला मी त्या खोलीत बसलेली असेन.

तू काहीही म्हणालास तरी तुझीच,
ताई